पर्वरीचा स्लॅब आणि सुदूरपश्चिमचा वॉर्ड : एका भरपाईचे प्रकरण

(या प्रकरणातील व्यक्तींची नावे बदलली आहेत. संस्था, ठेकेदार, बिल्डर आणि गाव यांची ओळख मुद्दाम दिलेली नाही.)

पार्श्वभूमी

युरोपातील एका देणगीदार संस्थेने 2019 मध्ये भारत आणि नेपाळ या दोन शेजाऱ्यांमध्ये ये-जा करणाऱ्या मजुरांसाठी तीन वर्षांचा कार्यक्रम मंजूर केला. प्रस्तावात मोठे शब्द होते: न्याय, लोकशाहीतला सहभाग, समावेश. पैसा दिल्लीतील एका एफसीआरए (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीकृत संस्थेकडे यायचा आणि त्यातला थोडा भाग म्हापशातील एका छोट्या संस्थेला मिळायचा. नेपाळ बाजूला सुदूरपश्चिम प्रांतातल्या धनगढीतील एक भागीदार संस्था होती. तिचा निधी तिथल्या समाज कल्याण परिषदेच्या मंजुरीने वेगळ्या वाटेने जायचा.

गोवा या कार्यक्रमात का, असे देणगीदारानेही विचारले होते. पण कळंगुटच्या शॅकमध्ये जेवलेल्या किंवा पर्वरीत फ्लॅट घेतलेल्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. हॉटेलांच्या किचनमध्ये, सोसायट्यांच्या फाटकावर आणि आता बांधकामांवरही नेपाळी माणसे आहेत. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री करारातील कलम 7 मुळे त्यांना इथे राहायला, काम करायला व्हिसा किंवा परवाना लागत नाही.

मोकळ्या वाटेची दुसरी बाजू अशी, की या माणसांची नोंद कोणाकडेच नसते. 1979 चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांसाठी होता, परदेशातून आलेल्यांसाठी नव्हे. नेपाळच्या 2007 च्या वैदेशिक रोजगार कायद्याखालचे श्रम परवाने आणि कल्याण निधी आखाती देश, मलेशिया अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी. भारतात येणाऱ्याला परवाना लागत नाही, म्हणून निधीही नाही. नेपाळमधील सुरक्षित स्थलांतराच्या परदेशी मदतीचा ओघही मुख्यतः त्याच दिशेने राहिला. या पोकळीत काहीतरी उभे करायचे, ही कार्यक्रमाची मूळ कल्पना चांगलीच होती. प्रत्यक्ष आराखड्यात मात्र शिबिरांची आणि लाभार्थ्यांची संख्या मोजायची होती. एखादा दावा शेवटपर्यंत लढवण्यासाठी त्यात रकानाच नव्हता.

म्हापशाच्या संस्थेने पॅरालीगल, म्हणजे वकील नसलेली कायदेविषयक सहायक, म्हणून सुलभाला घेतले. ती डिचोलीची. शिक्षण मराठीतून, आधी एका वकिलाच्या कार्यालयात टंकलेखन केलेले.

घटना

फेब्रुवारी 2020 च्या शेवटच्या आठवड्यात पर्वरीजवळच्या एका निवासी इमारतीचे सेंट्रिंग (स्लॅबखालचा तात्पुरता आधार) काढताना हर्क हा नेपाळी मजूर चौथ्या मजल्यावरून पडला. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये पोचेपर्यंत तो गेला होता. वय 35. गावी पत्नी पार्वती, नऊ वर्षांची मुलगी, लहान मुलगा आणि आईवडील. त्याचा धाकटा भाऊ त्याच साइटवर होता.

अंत्यसंस्कार म्हापशात झाले. दोन दिवसांनी ठेकेदाराने भावापुढे दोन लाख रुपये आणि एक कोरा स्टॅम्पपेपर ठेवला. सही करायची, अस्थी घेऊन गावी जायचे, विषय संपला. साइटवरच्या एका प्लंबरने सुलभाला फोन केला, म्हणून ही गोष्ट संस्थेपर्यंत आली. नाहीतर ती तिथेच संपली असती.

अडचण नेमकी कुठे होती

कायदा हर्कच्या बाजूने होता, आणि या प्रकरणातली ही सर्वांत अनपेक्षित गोष्ट. 2025 पर्यंत लागू असलेला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा मजुराचे नागरिकत्व विचारत नव्हता. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. पस्तिसाव्या वर्षाचा गुणक 197.06. वेतन कितीही असले तरी हिशेबात धरायची कमाल मर्यादा 2010 पासून 8,000 रुपये होती, ती 3 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने 15,000 झाली. हर्क त्यानंतर सात-आठ आठवड्यांनी पडला. जुन्या मर्यादेने भरपाई 7,88,240 रुपये झाली असती, नव्या मर्यादेने 14,77,950. ठेकेदार देत होता दोन लाख.

शिवाय कलम 8 प्रमाणे मृत्यूची भरपाई सरकारी भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागत असे, परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नसे. कलम 17 प्रमाणे हक्क सोडून देण्याचा करारच निरर्थक. म्हणजे तो स्टॅम्पपेपर कायद्यापुढे टिकला नसता. पण सही करून गावी गेलेला माणूस पणजीला परत कशाला येतो, हे ठेकेदाराला पक्के ठाऊक होते.

अडचण कागदांची होती. मस्टरवर हर्कचे नाव नव्हते. ठेकेदार त्याला नुसते ‘बहादुर’ म्हणायचा, आणि रुग्णालयात त्यानेच तोंडी माहिती दिल्यामुळे मृत्यूच्या नोंदीतही चुकीचे नाव चढले. नेपाळी नागरिकतेच्या दाखल्यावर जन्मतारीख विक्रम संवतात. नाते सिद्ध करायला गावच्या वडा (वॉर्ड) कार्यालयाचे नाता प्रमाणपत्र हवे. मजुरी रोख. रोज 650 रुपये मिळत, असे भाऊ सांगत होता. ठेकेदार पुढे 450 म्हणू लागला. 450 धरले तर महिन्याचे 11,700 आणि भरपाई 11,52,801, म्हणजे सव्वातीन लाखांनी कमी. साक्षीदार होते ते साइटवरचेच मजूर, आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली.

पहिला निर्णय: दोन लाख घ्यायचे की नाही

संस्थेपुढे तेव्हा तीन वाटा होत्या. दोन लाख घेऊन कुटुंबाला तातडीचा आधार द्यावा आणि पुढचे पुढे. किंवा पैसे नाकारून थेट दावा लावावा. किंवा ठेकेदाराकडून कायद्याप्रमाणे आगाऊ रक्कम मागावी. कलम 8 मध्येच तशी सोय होती: मालक वारसाला तीन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम आधी देऊ शकत असे आणि आयुक्त ती नंतर भरपाईतून वजा करत.

तिसऱ्या वाटेचा विचारच झाला नाही. म्हापशाच्या कार्यालयात सुलभा, संस्थेचे सचिव आणि हर्कचा भाऊ बसले, दिल्लीहून एकजण फोनवर होता. दुपारपर्यंत ठरले की सही करायची नाही. निर्णय कायद्याने बरोबरच होता. पण ज्या बाईचा हक्क होता तिला विचारलेच गेले नाही. भावाने सांगितले, ‘‘भाउजूला (वहिनीला) यातले काही कळत नाही,’’ आणि सगळ्यांनी ते मान्य केले.

चूक लक्षात आणून दिली ती पलीकडच्या, पार्वतीच्या गावच्या गाउँपालिकेच्या (ग्रामीण पालिकेच्या) उपाध्यक्षबाईंनी. नेपाळमध्ये 2015 च्या राज्यघटनेनंतर 753 स्थानिक सरकारे आली, 2017 मध्ये त्यांच्या निवडणुका झाल्या. प्रमुख आणि उपप्रमुख या दोन उमेदवारांत पक्षाने एक स्त्री द्यायचीच, या नियमामुळे बहुतेक ठिकाणी उपप्रमुखपदी बायका निवडून आल्या. घटनेच्या कलम 217 प्रमाणे तीन जणांच्या न्यायिक समितीचे काम तीच उपप्रमुख (गाउँपालिकेत उपाध्यक्ष) पाहते. या समित्यांच्या प्रशिक्षणावर परदेशी मदतीचा बराच पैसा गेला आहे, आणि त्यातल्या पुष्कळ प्रशिक्षणाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पण या उपाध्यक्षबाईंनी धनगढीच्या संस्थेमार्फत निरोप मिळताच पहिला प्रश्न केला, ‘‘पार्वतीशी कोण बोलले?’’ मग त्या स्वतः तिच्या घरी गेल्या आणि सुलभाशी फोन जोडून दिला. तेव्हापासून पार्वती आणि सुलभा एकमेकींना दिदी म्हणत.

पार्वतीचे म्हणणे सरळ होते. दोन लाख नकोत, पण घरात धान्य चैतापर्यंतच आहे आणि दवाखान्यासाठी आधी काढलेले कर्ज अंगावर आहे. तोवर ठेकेदाराने फोन उचलणे बंद केले होते. आगाऊ रकमेची वेळ निघून गेली होती.

टाळेबंदीत काय करता आले

मार्च 2020 अखेर सगळे ठप्प झाले. मे महिन्यात श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्या तसे साइटवरचे मजूरही निघाले. सुलभाने इथे जे केले त्यावर पुढचा सारा दावा उभा राहिला, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

तिने तिघा मजुरांची निवेदने घेतली. प्रत्येकाला आधी मोबाइलसमोर बोलायला लावले, मग त्याच्याच शब्दांत हिंदीत लिहून वाचून दाखवले आणि सही घेतली. गावचा पत्ता, वडा क्रमांक आणि घरातल्या ज्याच्याकडे फोन असतो त्याचा नंबर, असे सगळे टिपले. मुकादमाकडे खर्चीची वही होती. दर रविवारी कोणाला किती खर्ची दिली आणि महिनाअखेर किती देणे निघाले, ते त्यात लिहिलेले. एका मजुराने तिची पाने आधीच मोबाइलमध्ये टिपली होती, आपलाच हिशेब चुकू नये म्हणून. त्यात ‘हर्क 650’ असे स्वच्छ दिसत होते.

दुसरा पुरावा पोलिसांकडे होता. अपघाती मृत्यूच्या चौकशीत ठेकेदाराने पहिल्याच दिवशी ‘हा माझा मजूर’ असा जबाब दिला होता. त्यावेळी त्याला भरपाई सुचलीच नसावी. हे कागद माहिती अधिकारात मागवायचे ठरले तेव्हा कळले, की 2005 च्या कायद्यातला हा अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. अर्ज सुलभाने स्वतःच्या नावाने केला.

वडा कार्यालयातून नाता प्रमाणपत्र, नागरिकतेच्या दाखल्याची प्रत आणि जन्मतारखेचे इसवीत रूपांतर हे सगळे उपाध्यक्षबाईंनी आणून दिले. त्या आधारावर इथल्या मृत्यूनोंदीतले नाव दुरुस्त झाले. प्रशासकीयदृष्ट्या किरकोळ वाटणाऱ्या या कामाला चार-पाच महिने लागले.

पैशाचा दोर तुटतो

सप्टेंबर 2020 मध्ये एफसीआरए कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, आणि असा निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारण्याचे बंधन आले. म्हापशाच्या संस्थेकडे स्वतःची नोंदणी नव्हती. सुलभाचे मानधन ऑक्टोबरपासून थांबले.

दिल्लीत चर्चा झाल्या. गोव्याचे काम बंद करून उरलेला निधी उत्तर भारतातील सीमाभागात वळवावा, हा एक प्रस्ताव. म्हापशाच्या संस्थेने पूर्वपरवानगीसाठी अर्ज करावा, हा दुसरा. त्याचा निकाल कधी लागेल हे कोणीच सांगू शकत नव्हते. तिसरा, दिल्लीच्या संस्थेने सुलभाला आपल्याच पगारपत्रकावर घ्यावे. यात कायद्याची अडचण नव्हती, पण तिचा पगार कार्यक्रमाचा खर्च की प्रशासकीय, यावर लेखापाल अडून बसले. मर्यादा वीस टक्क्यांची झाल्यावर तो प्रश्न फुकाचा नव्हता.

देणगीदाराच्या अधिकाऱ्याने एक सूचना केली ती मला आजही खटकते. दावा एखाद्या खासगी वकिलाकडे सोपवून ‘प्रकरण हस्तांतरित’ असे अहवालात दाखवता येईल, असे त्यांचे म्हणणे. अहवाल स्वच्छ झाला असता. पण वकिलाला गाउँपालिकेचा नंबर कोण देणार होते?

शेवटी तिसरी वाट निवडली गेली. निर्णयाला लागलेले चार महिने म्हापशातील काही व्यापाऱ्यांनी आणि एका निवृत्त शिक्षकाने दिलेल्या देणग्यांवर निघाले. देशातला पैसा असल्याने त्याला बंदी नव्हती. रक्कम फार नव्हती. सुलभाच्या बसभाड्याला आणि फोनला पुरली.

दावा

जानेवारी 2021 मध्ये भरपाई आयुक्तांपुढे अर्ज दाखल झाला, दोन वर्षांच्या मुदतीच्या बराच आत. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाला. 1987 च्या विधी सेवा कायद्यातील कलम 12 मध्ये स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, आणि ती भारतीयच हवी असेही तिथे लिहिलेले नाही. सुरुवातीला कारकुनाने आधार कार्ड मागितले होते. वकिलाने कलम दाखवल्यावर विषय मिटला.

दुसरा महत्त्वाचा निर्णय म्हणजे दाव्यात बिल्डरलाही ओढणे. ठेकेदाराकडून वसुली अवघड, त्याचे कार्यालय म्हणजे एक गाळा आणि स्कूटर. भरपाई कायद्याच्या कलम 12 प्रमाणे मुख्य मालकाने आपल्या नेहमीच्या धंद्यातले काम ठेकेदाराला दिले असेल, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावरही येत असे. इमारत बांधणे हाच बिल्डरचा धंदा. हेच काम एखाद्या हॉटेलच्या डागडुजीचे असते तर हॉटेलमालक बहुधा निसटला असता.

तिसरा प्रश्न पार्वतीच्या साक्षीचा. मुखत्यारपत्र करायचे तर काठमांडूच्या भारतीय दूतावासापर्यंत जायचे, सुदूरपश्चिमच्या डोंगरातून तो प्रवास गोव्याच्या प्रवासाहून फार सोपा नाही. ती म्हणाली, मीच येते. 2021 च्या दिवाळीनंतर ती गड्डाचौकी ओलांडून बनबसामार्गे दिराबरोबर आली. साक्षीला दुभाषी म्हणून दीरच उभा राहणार होता. ऐनवेळी वकिलाने हरकत घेतली, कारण तोपर्यंत सासऱ्याने अर्ध्या रकमेवर दावा सांगायला सुरुवात केली होती आणि दीर त्याच घरातला. म्हापशातील एका हॉटेलचा नेपाळी कुक सुटी टाकून आला आणि त्याने दुभाष्याचे काम केले.

निकाल

खर्चीच्या वहीची छायाचित्रे आणि पोलिसांपुढचा जबाब पुढे आल्यावर बिल्डरचा सूर बदलला. एप्रिल 2022 मध्ये आयुक्तांपुढे तडजोडीचा प्रस्ताव आला: मूळ रक्कम पूर्ण, व्याज एका वर्षाचे, दंडाची मागणी सोडायची. 12 टक्क्यांनी वर्षाचे व्याज 1,77,354 रुपये होते. दोन वर्षांचे मागितले असते तर आणखी तेवढेच, पण मग उच्च न्यायालयात अपील होण्याची शक्यता. वकिलाचे मत लढावे असे होते. या वेळी मात्र सुलभाने फोन पार्वतीलाच लावला, उपाध्यक्षबाई शेजारी बसल्या होत्या. पार्वतीने एक दिवस मागून घेतला आणि प्रस्ताव स्वीकारला. एकूण 16,55,304 रुपये आयुक्तांकडे जमा झाले.

सासऱ्याचा प्रश्न न्यायिक समितीने घरच्या घरी सोडवला. पार्वतीने आपल्या वाट्यातून सासू-सासऱ्यांना दोन लाख द्यायचे, शेत वेगळे करायचे नाही. गोव्याच्या आयुक्तांना या समझोत्याशी देणेघेणे नव्हते आणि समितीला गोव्यातल्या अपघातावर अधिकार नव्हता, तरी एकाविना दुसरे अडून राहिले असते.

पार्वतीचा वाटा भारत-नेपाळ रेमिटन्स योजनेतून गेला. 2021 मध्ये एका वेळच्या रकमेची मर्यादा पन्नास हजारांवरून दोन लाख झाल्यामुळे हप्ते कमी लागले. मुलांचा वाटा मुदत ठेवीत गेला. बँकेने नेपाळी अल्पवयीनाचे खाते आधी नाकारले, मग महिन्यांनी उघडले. मुलीची ठेव 2029 मध्ये मोकळी होईल. तेव्हा तिला किंवा तिच्या आईला पुन्हा गोव्यात यावे लागेल, आणि कार्यक्रम 2022 मध्येच संपला आहे.

वेगळे काय करता आले असते

आगाऊ रकमेची मागणी पहिल्या आठवड्यातच लेखी करायला हवी होती. ठेकेदार तेव्हा घाबरलेला होता, पोलीस साइटवर येत होते. निदान 45,000 रुपये मिळाले असते तर पार्वतीला त्या पावसाळ्यात आणखी कर्ज काढावे लागले नसते. दोन वर्षे ती कर्जाचे जे व्याज भरत होती, ते कोणत्याही निकालात भरून आलेले नाही. न्यायाचा हा खर्च कार्यक्रमाच्या अहवालात कुठेच दिसत नाही.

वारसाशी थेट बोलल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, हा नियम म्हापशाच्या संस्थेने नंतर लेखी केला. चांगले केले. पण तो नियम उपाध्यक्षबाईंसारखे कोणी पलीकडे असेल तरच चालतो, आणि त्या मे 2022 च्या निवडणुकीत पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्या निवडणुकीत पक्षांनी आघाड्या करून एकेकच पद लढवले, त्यामुळे दोघांत एक स्त्री देण्याचे बंधन अनेक ठिकाणी लागूच झाले नाही आणि उपप्रमुखपदावरच्या बायका कमी झाल्या. नव्या पदाधिकाऱ्याकडे सुलभाचा नंबर होता, पण ओळख नव्हती. संबंध माणसाशी जोडलेले होते, कार्यालयाशी नव्हते. दस्तऐवजांचा एक संच गाउँपालिकेच्या नोंदीत आधीच ठेवला असता तर नव्या माणसाला निदान सुरुवात कुठून करायची ते कळले असते. मुलीच्या ठेवीच्या पावतीची प्रत आता वडा सचिवाकडे दिली आहे. दिल्लीच्या संस्थेनेही 2029 ची तारीख आपल्या कायम यादीत घातली आहे. ही मागणी सुलभाने पगारपत्रकावरून उतरण्याआधी लेखी मंजूर करून घेतली.

देणगीदाराकडे सुचवण्याजोगे एकच आहे. या प्रकरणात मदतीचा खरा उपयोग दोन्ही टोकांना एकेक माणूस दोन वर्षे टिकून राहण्यात झाला. शिबिरे झाली, पण फोन करणारा प्लंबर एकाही शिबिराला आलेला नव्हता. त्याला सुलभाचा नंबर साइटसमोरच्या चहाच्या गाड्यावर चिकटवलेल्या कागदावरून मिळाला होता. पुढच्या कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात त्या कागदाचा छपाईखर्च ‘इतर’ या रकान्यात गेला आहे, आणि पॅरालीगलचे पद पुन्हा बारा महिन्यांसाठीच मंजूर झाले आहे. एवढ्या मुदतीत हर्कचा दावा दाखलही जेमतेम झाला होता.